खपली आणि लोकवनचा संकर: परागकोशात कड्या शोधताना

गेल्या रब्बीत लोकवन गव्हाच्या ओंब्यांतले कोवळे पुंकेसर काढून टाकले होते आणि नंतर खपली गव्हाचे पराग लावले होते. त्या बियांची रोपं यंदा पोटरीवर आली आणि मिऑसिसच्या, म्हणजे पराग बनताना गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, स्लाइड हाती लागल्या. निकाल आधीच सांगते: ज्या पेशी नीट पसरल्या त्यांत १४ जोड्या आणि ७ सुटी गुणसूत्रं, एकूण ३५. चार गुणसूत्रांची कडी एकाही पेशीत नाही. मला लिहायचंय ते या न दिसलेल्या कडीबद्दल.

आधी हाताचं काम. ओंबी पानाच्या आवरणातून बाहेर पडायच्या आतच काढायची. मधली फुलं वयाने पुढे असतात, म्हणून तिथून सुरुवात. एका फुलात तीन परागकोश असतात आणि तिघंही जवळपास एकाच टप्प्यावर असतात. एक फोडून ॲसिटोकार्मिनमध्ये (गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रावात) बघायचा, टप्पा बरोबर असेल तर उरलेले दोन अल्कोहोल-ॲसेटिक ॲसिडच्या ३:१ मिश्रणात टाकायचे. परागकोश लोखंडी सुईनेच फोडा, त्या लोहाने रंग गडद चढतो. मेटाफेज-१ मध्ये, म्हणजे जोड्या सुटण्याआधीच्या टप्प्यात, जोड्या पेशीच्या मधल्या पट्ट्यात ओळीने लागतात, काही बंद कड्यांसारख्या, काही काडीसारख्या. गव्हाची गुणसूत्रं सात-सातच्या संचांत, म्हणजे जीनोममध्ये मोजतात; खपलीत ए आणि बी, लोकवनमध्ये ए, बी आणि डी. डी जीनोमची सात एकटी गुणसूत्रं पट्ट्याबाहेर विखुरलेली. १०० एक्सच्या ऑइल लेन्सखाली हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, तेव्हा बराच वेळ डोळा हलवला नाही.

आता कडीचं. दोन वेगळ्या गुणसूत्रांनी तुकडे अदलाबदल केले असतील, तर शुद्ध वाणात ते कळत नाही, कारण दोन्ही प्रती सारख्याच बदललेल्या असतात. दुसऱ्या पालकात ती अदलाबदल नसेल तरच संकरात चार गुणसूत्रं एकमेकांत अडकून कडी किंवा साखळी दिसते. जुनी पुनर्रचना बाहेर येते ती अशा विजोड संकरातच.

खपली २८ गुणसूत्रांची, लोकवन ४२ ची, पण दोघांच्याही ए आणि बी जीनोममध्ये एक मोठी उलथापालथ आहे आणि ती ४ए या गुणसूत्रावर (ए जीनोममधलं चौथं) आहे. ४ए आणि ५ए यांच्या लांब भुजांची टोकं बदलली ती अगदी आधी, द्विगुणित पूर्वजातच. ए जीनोम देणाऱ्या ट्रिटिकम उरार्टू या रानगव्हातही ती आढळते. पुढे खपलीचा रानटी पूर्वज रानटी एमर, म्हणजे ट्रिटिकम डायकोकॉइडिस घडताना ४ए चे काही भाग उलटे फिरले आणि ७बी चा तुकडाही येऊन जोडला गेला. याचा स्वच्छ दाखला दाण्यातल्या स्टार्चशी संबंधित वॅक्सी जनुकाचा. त्याच्या दोन प्रती ७ए आणि ७डी वर आपापल्या जागी आहेत, तिसरी ७बी वर असायला हवी, ती ४ए वर सापडते. हे गुणसूत्र इतकं बदललंय की १९८८ च्या केंब्रिजच्या परिषदेत ४ए आणि ४बी यांची नावंच एकमेकांना देऊन टाकावी लागली!

म्हणजे कडी न दिसणं हे दोघांचा वारसा एक असण्याशी जुळतं. तो वारसा जातो रानटी एमरकडे, जो १९०६ मध्ये वनस्पतीतज्ज्ञ ॲरन ॲरनसोन यांना पश्चिम आशियातल्या गॅलिली आणि हर्मोनच्या उतारांवर सापडला. अर्थात तुकडा फार लहान असेल तर कडी होईलच असं नाही, त्यामुळे माझी स्लाइड एकटी पुरावा ठरत नाही. ती जनुक-नकाशांच्या बाजूने उभी आहे, इतकंच मी म्हणेन.

उलटं उदाहरण अरारॅटिकमचं, उत्तर इराक, तुर्कस्तान आणि आर्मेनियातल्या रानगव्हाचं. शेतात त्याला डायकोकॉइडिसपासून वेगळं ओळखणं अवघड. पण त्याच्यात ४ए-७बी अदलाबदल नाही, त्याच्या अदलाबदली स्वतःच्या, वेगळ्याच आहेत, आणि डायकोकॉइडिसशी संकर केला तर तो जवळजवळ वांझ निघतो. दिसायला सारखी दोन गवतं गुणसूत्रांनी इतकी दूर गेलेली असतात, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं काम ॲनाफेजचं, म्हणजे जोड्या सुटून गुणसूत्रं दोन टोकांना जातात त्या टप्प्याचं. ती सात सुटी गुणसूत्रं मागे रेंगाळतात आणि उशिरा दुभागतात, तो क्षण पकडायचाय. त्यासाठी उरलेले परागकोश ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात आहेत. संकराच्या ओंब्यांत दाणा थोडा भरलाय. तो पुढच्या रब्बीत रुजवून मुळांच्या टोकांत मोजणार आहे, २८ ते ४२ च्या मधले कोणते आकडे येतात ते. कुणाकडे बन्सी आणि खपलीच्या संकराच्या स्लाइड असतील तर फोटो जरूर दाखवा.