पोराशी खेयाचा पगार भेटते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पांढरकवड्याकडच्या एका आजींनी नातवाला माझ्यासमोर बसवून विचारलं होतं, "बाई, गोया देत नाई, सुई देत नाई, पोराशी खेयाचाच पगार भेटते का तुमाले?" तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतंच.

भेटतो. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आणि बुद्धीच्या अडचणी तपासणारी मानसशास्त्रज्ञ. आधी मानसशास्त्रात एमए केलं, मग रुग्णालयात दोन वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमफिल, मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ लिहितात, ते एमबीबीएस करून आलेले. मी चाचण्या घेते, घरच्यांशी बोलते आणि हो, खेळते.

खेळ म्हणजे काय, तर माझ्या पिशवीत एक लाकडी फळी असते. तिच्यात दहा खाचा, सोबत त्याच आकारांचे दहा ठोकळे. मूल ठोकळे बसवतं, मी घड्याळ लावते. असं तीनदा, त्यातला सगळ्यात कमी वेळ धरायचा. बोलावं लागत नाही.

ही फळी जड, म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती ऑफिसातच ठेवायची. झरी तालुक्यातल्या एका पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, सात वर्षांची मुलगी शाळेने 'मंद' म्हणून पाठवली. मुलांची बुद्धिमापन चाचणी मालिन यांनी १९६९ साली आपल्या नागपुरातूनच काढली, त्याचा मला कोण अभिमान! तीच चाचणी घेत मी मराठीतून प्रश्न विचारत गेले. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मी शून्य टाकत गेले आणि तसाच रिपोर्ट दिला.

महिन्याने आई कागदावर सही घ्यायला आली, तेव्हा पोरगी व्हरांड्यात धाकट्या भावाला चिंचोके मोजून देत होती. मोजणी कोलामीत, कोलाम आदिवासींच्या भाषेत. घरी कोणती भाषा बोलता, हे मी विचारलंच नव्हतं. शाळेनेही नाही, पण शाळेचं सोडा, शिकले मी होते.

फळी मागवली. चांदणीच्या आकाराचा ठोकळा तिने सगळ्यात आधी बसवला. पुढे दुभाषी म्हणून तिच्या मावशीला बसवून दोन दिवस पुन्हा काम केलं. जुना रिपोर्ट फाडता येत नाही, म्हणून नवा जोडला आणि वर माझी चूक का झाली ते लिहिलं. लिहिताना हात जड झाला.

त्या आजींनाही फळी दिली होती. चांदणीवर अडल्या, दोनदा फिरवून पाहिली.

"मंग किती भेटते पगार?"