एका तासासाठी सात आठवडे

"तिसरीची मुलगी पहिलीच्या मुलांबरोबर का बसली आहे?" गेल्या वर्षी हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की आजही आठवला तरी जीव चडफडतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून ३७ मुलं. जुलैमध्ये 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या पद्धतीने एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावलं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. दोन दिवसांत काम झालं. तिसरी-चौथीच्या १९ मुलांपैकी गोष्ट वाचणारी निघाली फक्त सहा. २०२४ च्या 'असर'मध्येही देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीची २३.४ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. तो आकडा मला माहीत होता, तरी तिसरीतली आमची मुलगी 'दिवा'ला 'दवा' म्हणाली तेव्हा पोटात खड्डा पडला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. ती वेलांटीवर बोट ठेवायची, थबकायची आणि ती सोडून पुढे जायची. काना मात्र नीट वाचायची. तिच्या हातात तिसरीचं पुस्तक देऊन काय होणार होतं?

म्हणून ठरवलं, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे गट करायचे. सहकारी गुरुजी लगेच तयार झाले.

भेटीला आलेल्या साहेबांनी टाचण वही, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहितो ती वही, उघडली. "या तासाला तिसरीचा कोणता पाठ?" पाठ नव्हता. "मग लेखी परवानगी घ्या." अर्ज दिला. पुढच्या बुधवारी शाळा सुटल्यावर एसटीने कार्यालयात गेले, तर साहेब दौऱ्यावर. त्यानंतर सांगितलं, इयत्तावार वेळापत्रक जोडा. जोडलं. मग चारही इयत्तांचा अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याचं हमीपत्र मागितलं. तेही दिलं. मग अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथे कुणालाच सापडेना. नवीन लिहून दिला. सात आठवडे गेले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावं, म्हणून २०२१ पासून केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान सुरू आहे, मुदत २०२६-२७ ची. मी त्याचंच काम करायला परवानगी मागत होते आणि त्या मुलीचे सात आठवडे वाया जात होते.

शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळेत आले तेव्हा मी फाइल काढलीच नाही. त्यांना त्या मुलीशेजारी बसवलं. त्यांनी चार ओळी ऐकल्या आणि हळूच विचारलं, "बाई, ही तिसरीत आहे?" चौथ्या दिवशी परवानगीचं पत्र आलं.

तुम्ही अर्ज करणार असाल तर मुलांच्या वाचनाची नोंद पहिल्याच पानावर लावा, कोण कुठल्या खुणेला अडतं त्यासकट. मी ती सगळ्यात शेवटी जोडली होती. आणि इयत्तेचे तास कमी होणार नाहीत, हे पहिल्या ओळीत लिहा. सगळे प्रश्न तिथूनच निघतात.

गणिताचे गट वेगळे करा, हे आधीच सांगायला हवं होतं. मी महिनाभर वाचनाचेच गट गणितालाही ठेवले, ती चूक झाली. वाचनात अडणारा एक मुलगा हातच्याची वजाबाकी सहज करत होता. उलट गोष्ट वाचणाऱ्या दोघी 'पंचवीस' ऐकून ५२ लिहायच्या, कारण कानावर पाच आधी पडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक'सारखं संख्यावाचन आलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आता काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून "वीस पाच, पंचवीस" असं दोन्ही म्हणवून घेते.

ती मुलगी दिवाळीनंतर परिच्छेदावर आली. वेलांटी सुटली, आता 'सूर्य'पाशी अडते. रफाराचं वेलांटीच्या उलट असतं, उच्चार आधी आणि खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. या आठवड्यात आमचं तेच चाललंय.