आईच्या हृदयाभोवती पाणी झालं तेव्हा

आईला दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता, स्टेज ३बी. रेडिएशनचे २५ शेक, दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो, मग आतून द्यायचं रेडिएशन, सगळं इथेच नागपुरात झालं. फॉलोअपला एमआरआय क्लिअर, आम्ही सुटलो म्हणून आनंदात.

यंदा मे महिन्यात तिला दम लागायला लागला. ४५ च्या वर ऊन, कोणाला दम लागत नाही? एका दवाखान्यात उन्हाचा त्रास म्हटलं, दुसरीकडे हिमोग्लोबिन ९ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि जिथे ट्रीटमेंट झाली होती तिथे परत पोटाची सोनोग्राफी करून "खाली सगळं ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं. छातीकडे कोणी पाहिलंच नाही, आणि खरं सांगतो, आम्हालाही सुचलं नाही. तीन आठवडे असेच गेले. मग पाय सुजले, आडवं झालं की गुदमरायचं, रात्रभर कूलरसमोर खुर्चीत बसून राहायची. "मले श्वास पुरून नाही राह्यला रे," म्हणाली त्या सकाळी तिला उचलूनच रामदासपेठेत हार्टवाल्या डॉक्टरांकडे नेलं.

नाडी १३०, बीपी खाली, मानेच्या शिरा टरारलेल्या. एक्स-रेत हृदय पाण्याच्या माठासारखं फुगलेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करता करता डॉक्टर एकदम गप्प झाले, मग म्हणाले, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय, त्या दाबाने हृदयाला नीट भरताच येत नाहीये, आत्ताच काढावं लागेल. सही मागितली, केली, काय वाचलं ते आठवत नाही.

इकोवर बघत बघत सुई टाकली आणि पातळ नळी बसवली. पहिल्या दिवशी ६०० मिली निघालं, बिटाच्या रसासारखं लाल! बाकीचं हळूहळू, एकदम सगळं काढत नाहीत म्हणे. अर्ध्या तासात तिचे ओठ परत गुलाबी दिसायला लागले.

मग ती बाटली तपासायला मीच न्यायची. अॅक्टिवाच्या डिकीत ठेवायची हिंमत होईना, ताई मागे बसली, ओढणीत गुंडाळून मांडीवर धरली, सिग्नलला दोघंही गप्प. लॅबवाले म्हणाले, जुन्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तो तुकडा, आणा, मॅच करून बघू. त्यासाठी अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन चकरा, आणि दुसऱ्या चकरेला "जेवणाची सुट्टी आहे".

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, तेच स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, हा सहसा लिम्फच्या गाठींत, फुप्फुसात, लिव्हरमध्ये, हाडांत जातो, हृदयापर्यंत जाणं फार कमी पेशंटमध्ये दिसतं, आणि आता पूर्ण बरं करण्याचं नाही, पाणी परत भरू नये एवढं बघायचं. आता दर २१ दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिनची केमो आणि मधे मधे इको.

आईने एकच विचारलं, "खालचं दुखणं इतक्या वर कसं चढलं रे?" मी म्हटलं रक्तातून, नाहीतर गाठींच्या वाटेने. ती "हं" म्हणाली. त्या रात्री ती एकाच उशीवर आडवी झोपली, आणि मी दर तासाला उठून तिची छाती वर-खाली होते का ते पाहत होतो.