पिवळी रेघ

घड्याळ उघडलं की पंखा बंद. मे महिन्यात, ४३ डिग्रीत, सोलापूरच्या नवी पेठेतल्या ८ बाय १० च्या दुकानात एक म्हातारा कपाळाला पट्टी बांधून घाम गाळत बसलाय आणि डोक्यावरचा पंखा थांबलेला, हे बघून नवं गिऱ्हाईक आधी बटण शोधतं. पंख्याच्या वाऱ्यानं बारीक स्क्रू कुठल्या कुठं जातो, आणि आमच्या गावाच्या हवेत धुळीबरोबर सुताचा तूसही उडतो. लूमवाल्यांची घड्याळं उघडली की चावीच्या दांडीला सुताचा पिळा गुंडाळलेला सापडतो. रंगीत असला तर चादरवाला, पांढरा असला तर टॉवेलवाला. दहात आठ वेळा माझा अंदाज बरोबर येतो.

२०२५ च्या मे महिन्यात आलेले मालक टॉवेलवाले. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कारखाना, माल परदेशात जातो. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता, त्यामुळं मी दुकान अकराला उघडलं, तर हे पायरीवर बसलेले. सोबत पिशवी, पिशवीत १४ घड्याळं आणि प्रत्येक घड्याळ त्यांच्याच कारखान्याच्या नव्या कोऱ्या नॅपकिनात गुंडाळलेलं. न धुतलेला नॅपकिन किती तूस सोडतो हे टॉवेलच्या कारखानदाराला मी काय सांगणार? पण सांगितलं.

"राहू द्या अण्णा, आता काढूनच टाकायलोय सगळी," ते म्हणाले. "पुण्याचा एक जण घ्यायला तयार हाय. त्याला प्रत्येकाचं रीडिंग पाहिजे कागदावर."

माझा दिवस एरवी सेल टाकण्यात आणि पट्टे बदलण्यात जातो. चावीचं मशीन महिन्याला चार-पाच येतात, त्यातली तीन एचएमटी. २०१६ साली सरकारनं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून सुटे भाग भंगारातून काढावे लागतात. मुलानं धंदा घेतला नाही. चांगलं केलं, असं मी चारचौघांत म्हणतो. तर अशा टेबलावर एकदम रोलेक्स, ओमेगा, टॅग ह्यूअर अशी १४ घड्याळं मांडल्यावर मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. घरी जायला उशीर होणार, एवढंच डोक्यात आलं.

मालकांची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यानं कळली. पहिला मोठा कंटेनर गेला त्या वर्षी त्यांनी ओमेगा स्पीडमास्टर घेतलं. रोज सकाळी स्वतः चावी द्यायचे. मग दुसरं, तिसरं. पुढं एका मोठ्या शहरातल्या दुकानात स्टीलचं रोलेक्स मागितलं, तर यादीत नाव घालू म्हणाले, पण आधी ही दुसरी दोन घ्या. यांनी घेतली. नको असलेली. रोलेक्स अजून यादीतच आहे, शेवटी रोलेक्सचंच जुनं सबमरीनर बाहेरून घेतलं आणि थेट बँकेच्या लॉकरात ठेवलं. मग मोबाइलवर भाव बघायची सवय लागली, सूत बाजाराचा भाव बघतात तशी. करोनानंतर भाव चढले तेव्हा झोप येईना, उतरले तेव्हाही येईना. त्यात २२ एप्रिलपासून १० लाखांवरच्या घड्याळाला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घ्यायचा कर, सुरू झाला आणि सीए साहेबांनी जुन्या खरेदीची कागदं मागितली.

"आणि वेळ बघायची झाली तर," ते म्हणाले, "माझ्या वॉचमनचं दोनशे रुपयांचं घड्याळ यांच्यापेक्षा बरोबर चालतंय की ओ."

हे खरंच आहे. सेलच्या घड्याळातलं क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकलं तर चुकलं. स्वित्झर्लंडचं प्रमाणपत्र असलेल्या मशीनला दिवसाला ६ सेकंद पुढं आणि ४ सेकंद मागं जायची मुभा असते. दिवसाला! यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी टायमिंग मशीन सुरू केलं. घड्याळाचे ठोके ऐकून ते दिवसाला किती पुढंमागं जातं, हे ते पडद्यावर दाखवतं.

सबमरीनरच्या आत ३१३५ नंबरचं मशीन, तासाला २८,८०० ठोके. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स, म्हणजे वेळ धरणारं झुलतं चाक, दोन्हीकडं २७० अंशांच्या वर झुलायला पाहिजे, तो २१० वर रखडत होता. सहा वर्षं लॉकरात पडून तेल सुकलेलं. स्पीडमास्टर ठणठणीत. टॅग ह्यूअरनं मात्र मजा केली. पडद्यावरची रेघ सरळ जायच्या ऐवजी भिंतीवर पाल पळावी तशी तिरकी पळाली. दिवसाला सहा मिनिटांहून जास्त पुढं. मालक म्हणाले, ते दोन वर्षांपासून असंच हाय, बिघडलंय म्हणून ठेवूनच दिलं. कुठं ठेवलं होतं? म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरवर.

बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगमध्ये चुंबक शिरलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. माझ्याकडं चुंबक उतरवायचा एक निळा डबा आहे. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं, हळूहळू वर उचलायचं. वीस सेकंद. परत टायमिंग मशीनवर ठेवलं, तर दिवसाला ५ सेकंद पुढं. मालक बघतच राहिले. पैसे किती? काही नाही. त्यांनी त्या मोठ्या दुकानात विचारलं होतं, तर घड्याळ कंपनीकडं पाठवावं लागेल, तीन महिने लागतील असं सांगितलेलं. निळा डबा त्यांच्याकडंही असणारच. तो वापरला तर बिल कशाचं करणार?

मग आलं कॉन्स्टेलेशन. साठच्या दशकातलं ओमेगा, उपड्या थाळीसारखी बारा कडांची डायल, पाठीवर वेधशाळा आणि ८ तारे. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं 'डायल मूळची, हात लागलेला नाही' म्हणून विकलेलं. मी डोळ्याला आयग्लास लावला आणि पोटात कालवलं. मूळ डायलच्या कडा धारेसारख्या असतात. इथं रंगाचा थर बसून त्या गुळगुळीत झाल्या होत्या. खाली 'स्विस मेड' ची अक्षरं एक जाड, एक बारीक. डायल धुऊन, रंगवून, वर नव्यानं छापलेली. हे काम करणारे कारागीर मुंबईत कैक वर्षं आहेत आणि त्यांचा हात वाईट नसतो. वाईट असतं ते न सांगता विकणं.

सांगावं की नाही? ते विकूनच टाकणार होते. मला फक्त रीडिंग लिहायचं होतं. दहा मिनिटं मी उगाच दुसऱ्या घड्याळाची काच पुसत बसलो. मग सांगितलं.

मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मग आत काय हाय ते तरी खरं हाय का बघा की."

मागचं झाकण उघडलं. आत तांबूस सोन्यासारखं चकाकणारं ५६१ नंबरचं मशीन, २४ ज्वेल. हे मी आयुष्यात पाच-सहा वेळाच हाताळलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांच्या खुणा कोरलेल्या, सुईनं ओरखडल्यासारख्या. चार इंग्रजीत आणि एक देवनागरीत : 'दे. १२-८-७४'. मालकांनी आयग्लास माझ्या हातातून ओढून घेतला. हा दे. कोण? सोलापूरचा असेल का? तुमचे वडील तर नव्हेत? नव्हेत. माझे वडील गिऱ्हाइकाच्या मालावर कोरत नसत. त्यांच्या मते ते दुसऱ्याच्या भिंतीवर नाव लिहिण्यासारखं. ते सगळं रजिस्टरात लिहायचे आणि मीही तसंच करतो.

तारीख बदलत नव्हती म्हणून पूर्ण खोलायचं ठरलं. मालकांना म्हटलं, उद्या या. ते म्हणाले, बसतो.

आणि बसले. पंखा बंद, शर्ट पाठीला चिकटलेला. आधी स्प्रिंगचा ताण उतरवला, नाहीतर चाकांना अडवून धरणारं पॅलेट काढताच चाकं भिंगरीसारखी फिरून दात जातात. रोटर, बॅलन्स, पॅलेट, मग एकेक चाक. रेग्युलेटरला हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक स्प्रिंग आहे, तिचा स्क्रू किंचित फिरवला की घड्याळ सेकंदा-दोन सेकंदांनी पुढंमागं होतं. ती कोणी तरी पक्कड लावून वाकडी केली होती. आणि डायल उचलली तर खाली गोंद! डायलचा एक पाय तुटलेला, तो सोल्डर करायचे कष्ट नकोत म्हणून त्या 'हात न लागलेल्या' डायलला गोंदाचा थेंब लावलेला. तोच तारखेच्या चाकावर ओघळून वाळला होता. अशा माणसांबद्दल मी दुकानात जे बोललो ते इथं लिहीत नाही.

दुपारी मालकांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. जेवण्याआधी प्रत्येक भागावर काचेचं झाकण, जेवल्यावर साबणानं दोनदा हात. शेंगाचटणीचं तेल एकदा ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, लागलं की ठसा उठलाच.

जेवणानंतर मी मेन स्प्रिंगवरचं दात्यांचं चाक आणि त्याला मागं फिरू न देणारी खिटी बसवत होतो. मालक एकदम पुढं झुकले.

"थांबा. हे तर आमच्या लूमचं टेक-अप हाय की ओ!"

त्यांचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, हे स्वतः दहा वर्षांचे असल्यापासून कांड्या भरायचे, सोळाव्या वर्षी लूम खोलून जोडायचे. दात्यांचं चाक, खिटी, एका ठोक्याला एक दात पुढं, तेवढंच कापड गुंडाळलं जातं. हे त्यांनी मला हवेत हात करून समजावलं. मी त्यांना पॅलेट दाखवलं : इथंही तसंच, फक्त एका झोक्याला अर्धा दात पुढं, तासाला १९,८०० वेळा. पॅलेटच्या लाल खड्याला किती तेल? सुईच्या टोकावर दिसेल न दिसेल इतकं. जास्त झालं तर? पळतं, जिथं नको तिथं जातं. "आमच्याकडं नवा पोरगा असाच ओततोय बघा," ते म्हणाले. चौदा घड्याळांच्या मालकानं बारा-चौदा वर्षांत एकाही घड्याळाचं पोट बघितलेलं नव्हतं. चार तास मोबाइल खिशातून निघाला नाही; पुण्याचा फोन दोनदा वाजून बंद झाला.

बॅलन्स बसवला, एक हिसका, आणि मशीन चालू झालं. मालक काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एक स्क्रू मी लावू?

चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला टेबलाच्या या बाजूला येऊ दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. का दिलं, यावर अजून मला धड उत्तर सापडलेलं नाही. उकाड्यानं डोकं चालत नव्हतं म्हणावं, तर हात छान चालत होते. कदाचित मलाच वर्षभरात पहिल्यांदा पाच वाजल्याचं कळलं नव्हतं, त्यामुळं. वरच्या ऑटोमॅटिक ब्रिजचा स्क्रू होता, सोपा. त्यांनी श्वास धरला, दोन वेढे व्यवस्थित दिले आणि तिसऱ्याला स्क्रूड्रायव्हर सटकला. तांबूस ब्रिजवर पिवळी रेघ. दोन मिलिमीटर असेल. साठ वर्षं, पाच कारागीर, एक गोंदवाला, यांपैकी कोणीही तो ब्रिज ओरखडला नव्हता.

मला घाम फुटला. मालक आयग्लासमधून बघत हसले. "राहू द्या अण्णा. दे. नं कोरलंय, मी पण कोरलं."

कागदावर मी सगळं लिहिलं : 'डायल रंगवलेली' असंही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गृहस्थाचा मला फोन आला, हे लिहायची काय गरज होती? तो घेणार आणि पुढं 'मूळ डायल' म्हणून विकणार, हे त्यानं न सांगता सांगितलं. पण कॉन्स्टेलेशन त्याच्याकडं गेलंच नाही. मालकांनी नऊ विकली, त्यात ती नको असलेली दोन्ही. पाच ठेवली. सबमरीनर लॉकरातून निघालं, सर्व्हिसिंग झालं, आता लूमशेडमध्ये मनगटावर असतं. चावीत तूस शिरणार, मी सांगून थकलो.

आता ते रविवारी येतात. मी त्यांना भंगारातली एचएमटी जनता देतो खोलायला. तीन हेअरस्प्रिंगांचा गोळा केलाय त्यांनी आतापर्यंत. मुलगा म्हणतो, क्लासची फी लावा. परवा त्यांनी विचारलं, कॉन्स्टेलेशनला मूळ डायल कुठं मिळेल का? मिळाली तरी बसवू नका म्हटलं, तर दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर डायलांचे फोटो घेऊन हजर. परत मोबाइल.

मी मात्र त्या रेघेपाशी अडकलोय. त्या रात्री दुकान बंद करण्याआधी रजिस्टर काढलं. वडिलांनी आखून दिलेले रकाने आहेत : घड्याळ, दोष, काम, रक्कम आणि शेवटी शेरा. शेऱ्यात लिहिलं, 'ब्रिजवर ओरखडा, दुकानात झालेला.' कोणाच्या हातून, ते लिहिण्यासाठी पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि रजिस्टर मिटून पंखा लावला.