रिंगखालचा शेंदूर

रुमालात बांधून आलेलं घड्याळ मी आधी बघत नाही, कानाशी धरून हलवतो. ऑटोमॅटिक असेल तर आतलं वजन फिरतं, आणि ते कसं फिरतं त्यावरून निम्मी हकिगत कळते. या घड्याळातून वाळू चाळल्यासारखा आवाज आला. म्हणजे त्या वजनाच्या, रोटरच्या, बेअरिंगला गंज. समोर चाळिशीची एक बाई उभी होती, बँकेतून सुटून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"काका, बाबांचं आहे. बोटीवर होते. मार्चमध्ये गेले. नवं करून द्या, अगदी नवं."

दादरला आमचं छोटं दुकान आहे. त्याआधी मी फोर्टात एका उस्तादांच्या हाताखाली बारा वर्षं बसलो. तिथे गोदी जवळ, त्यामुळे खलाशांची घड्याळं रोज हातात यायची. १९८०च्या सुमारास कोकणातल्या घरात जपानी सेको दिसलं, की घरातलं कुणीतरी बोटीवर आहे हे सांगावं लागत नसे. पण ही पाणबुड्यांची, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांची, सेको त्यातही कमी. जाडजूड, उशीसारखी गोलसर चौकोनी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, चावी तीनऐवजी चारच्या आकड्याजवळ म्हणजे मनगटात रुतत नाही, आणि बाहेरून मिनिटांचे आकडे असलेली फिरती रिंग. दीडशे मीटर पाण्याखाली चालेल असं डायलवरच लिहिलेलं.

मागच्या झाकणावर लाट कोरलेली असते आणि सहा खुणांचा नंबर. त्यातली पहिली खूण वर्षाची, दुसरी महिन्याची. दहाव्या, अकराव्या, बाराव्या महिन्याला एक आकडा पुरत नाही, म्हणून तिथे ओ, एन, डी ही अक्षरं. इथे नंबराची सुरुवात २ आणि एन अशी होती. हे मॉडेल, ६३०९, निघालं १९७६ ते १९८८ एवढ्याच काळात. तेव्हा २ म्हणजे १९८२च, महिना नोव्हेंबर.

"बरोबर," ती म्हणाली, "माझा जन्म त्र्याऐंशीचा. बाबा म्हणायचे, तू झालीस त्या साली घेतलं." वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं होती. त्या चकतीवर प्रत्येक वार दोनदा असतो, एकदा इंग्रजीत आणि एकदा अरबीत. म्हणजे आखातातल्या बाजारासाठी निघालेलं घड्याळ. घेतलं असेल तिकडच्याच कुठल्यातरी बंदरात.

नवं कशासाठी हवंय, हेही तिने सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन तारकर्लीला जायचं होतं, स्कूबाला. बाबांचं घड्याळ हातात घालून पाण्याखाली जायचं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उघडल्याशिवाय मी बोलत नाही.

उघडायलाच दोन दिवस लागले. झाकणाच्या आट्यांत मीठ बसून दगड झाला होता. कडेने गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं, रात्रभर उलटं ठेवलं, सकाळी पान्याला जोर दिला, सरकलं नाही. पुन्हा तेल. इथे घाई करणारे लोक केस तापवतात, आणि मग आतल्या डायलचा रंग फुगतो. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण एकदम लोण्यासारखं फिरलं. आत मूळची रबरी कडी नव्हतीच. कुणीतरी सायकलच्या ट्यूबमधून गोल कापून बसवला होता, आणि त्याचं आता काळं डांबर झालं होतं. पण तो गोल इतका नेटका कापलेला, की मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, मूळ कडी मिळायची सोय नसताना, त्याने हाताने ही जुळवली आणि घड्याळ पुढची काही वर्षं जगवलं. झाकणाच्या आत सुईने केलेल्या दोन बारीक खुणा होत्या, दोन वेगळ्या हातांच्या. आमच्यात ही पद्धत आहे. उघडलं की आत आपली खूण आणि तारीख करायची, म्हणजे पुढच्याला कळतं.

मशीन मात्र चांगल्या हाडाचं. सतरा खडे, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. याला चावीने किल्ली देता येत नाही, मनगट हलेल तेवढंच पोट भरतं. रोटर कुठल्याही दिशेने फिरला तरी स्प्रिंग गुंडाळली जाते, ती एका छोट्या दुहेरी हुकाने. सेकोने ही युक्ती १९५९ साली काढली, आणि इतका कमी सांगाडा वापरून इतकं काम करणारी दुसरी रचना मी तरी पाहिलेली नाही. चावीची दांडी गंजून अर्धी झाली होती, रोटरचं बेअरिंग गेलं होतं. पण हेच मशीन त्या काळच्या साध्या सेको फाइव्हमध्येही असे आणि ती आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझ्या खणात तशी दोन पडली होती. एकातला रोटर काढला.

वाराची चकती एका अर्धवट कडीने अडकवलेली असते, तिळाहून लहान. चिमटा जरा तिरपा लागला की ती उडते आणि मग गुडघ्यावर बसून दुकान झाडावं लागतं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून ती काढतो. तीस वर्षांनीही.

डायलवर सहाच्या आकड्याजवळ पाणी शिरल्याचा डाग होता आणि अंधारात चमकणारे ठिपके शेवाळी पडले होते. घड्याळ घेऊन आलेल्या ताईंना तेच खटकत होतं. डायल रंगवून घ्या, असं त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा थांबा म्हटलं. आपल्या शहरात जुन्या सेकोच्या डायली खरवडून, वर नवा रंग नि नवा छाप मारून विकायचा मोठा धंदा चालतो. बाहेरचे शौकीन त्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. हा शब्द मला लागतो, कारण त्याच शहरात मूळचं जपून दुरुस्त करणारे हातही आहेत. पॉलिशचंही तसंच. या केसच्या वरच्या अंगाला किरणांसारख्या बारीक रेघा असतात आणि कुशी गुळगुळीत, मधली धार बोटाला जाणवते. पॉलिशच्या चाकाला, बफाला, एकदा लावली की ती धार कायमची गेली.

कुशीवर लहान लहान टोचे होते, शेकड्यांनी. घड्याळ आपटलं तर एक मोठा पोचा पडतो, असे टोचे पडत नाहीत. ते कशाचे असावेत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी बाहेरची रिंग काढली. ती फिरतच नव्हती. मी धरून चाललो होतो की मीठ आणि मळ असणार. अशा फटीत मनगटाचा वर्षानुवर्षांचा मळ बसतो, आणि तो सगळा अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी घाण काढणाऱ्या, टबात दोन मिनिटांत जातो. पातळ पात्याने चार बाजूंनी थोडं थोडं उचललं, रिंग सुटली. खाली खाचेत भरलेलं होतं केशरी काहीतरी. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिलं. रंग होता. थरावर थर, कडक झालेला.

शेंदूर. मारुतीच्या अंगावरचा तोच. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि लोखंडाला गंज धरू नये म्हणून पत्र्यावर पहिला हात त्याच रंगाचा मारत. खलाशी त्याला रेड लेड म्हणतात. डेकवर हातोडीने गंज पाडायचा, चिपिंग करायचं, मग रेड लेड, मग वरचा रंग. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेतो पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असतं. कुशीवरचे टोचे त्या उडणाऱ्या पापुद्र्यांचे. फोर्टातली अशी घड्याळं मी पाहिली होती. पण इतका रंग एखाद-दुसऱ्या वेळचा नव्हता. हे वर्षांचं काम होतं.

टब भरून तयार होता. मी केस खाली ठेवली आणि फोन केला. शनिवार असल्याने ताई अर्ध्या तासात आल्या. त्यांना आयग्लास दिली. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

"बाबा रंगकाम करायचे?"

त्यांच्याकडे बाबांचे फोटो होते, मोबाइलमध्ये काढून ठेवलेले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात हेच घड्याळ, मागे अंगणातली पोफळ. शाळेत त्या सांगायच्या की माझे बाबा बोट चालवतात. घरात कुणी त्यांना दुरुस्त केलं नव्हतं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, घरी कपाटात होतं, पण ते उघडून हुद्दा कुठला आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी तिथूनच गुहागरकडे आईला फोन लावला, स्पीकरवर. मी म्हटलं, "मावशी, घड्याळजी बोलतोय. रिंगेखाली लाल रंग सापडलाय."

मावशी काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असणारच, भाऊ. हे बोटीवरून उतरले की थेट गावाला येत नसत. माझगावला गावकीची खोली होती ना, तिथे दोन दिवस थांबायचे. रॉकेलने हात धुवायचे, नखं कापायची, मग न्हाव्याकडे. पोरांसमोर तसं यायचं नाही म्हणत. घड्याळ तेवढं धुवायला जमलं नसेल."

ताईंनी फोन बंद केला आणि माझ्या स्टुलावर बसल्या. मी समोरून चहा मागवला. गिऱ्हाईक आलं, त्याला बाहेरच्या बाहेर सेल बदलून दिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काका, हा रंग राहू द्या."

हे सोपं नव्हतं. रंग तसाच ठेवला तर रिंग फिरणार नाही, तिच्या खालची रबरी कडी बसणार नाही. शिवाय शिसं विषारी. कोरडं खरवडून त्याची धूळ करायची नाही, पोटात जाऊ द्यायची नाही. मी त्यांना खाच दाखवली. जिथे कडी बसते तिथला रंग काढावाच लागेल, पण आतल्या भिंतीलगत, जिथे काही घासत नाही, तिथे एक पट्टी राहू शकते. वरून रिंग आली की दिसणार नाही. त्या म्हणाल्या, चालेल, दिसायला नकोच आहे.

पुढचे चार तास मी तेवढंच केलं. तेलात भिजवलेली बांबूची काडी, तिने थोडं थोडं मऊ करून उचलायचं आणि ओल्या कापसावर पुसायचं. काडी बोथटली की नवी तासायची. पितळेचा ब्रश लावला असता तर वीस मिनिटांचं काम. नखाच्या चंद्रासारखी बारीक एक पट्टी मागे राहिली, सातपासून दहाच्या आकड्यापर्यंत.

डायल तशीच ठेवली. कुशींना हात लावला नाही. ताईंनी यानंतर नवं हा शब्द काढला नाही.

पाण्याची परीक्षा मी नेहमी रिकाम्या केसची करतो. भांड्यात केस हवेत टांगायची, तीन बारचा दाब भरायचा, म्हणजे तीस मीटर पाण्याएवढा. थोडा वेळ थांबून ती पाण्यात सोडायची आणि दाब उतरवायचा. आत हवा शिरली असेल तर ती आता बुडबुड्यांनी बाहेर पडते. झाकण कोरडं ठणठणीत होतं, काचही. चारच्या आकड्याजवळून मात्र एकामागून एक बुडबुडे, मोहरीएवढे. चावीची नवी कडी घातली, पुन्हा लावलं. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत. चावी जिच्यावर बसते त्या नळीच्या तोंडालाच मिठाने खड्डे पाडले होते, आणि ही नळी सहज बदलता येत नाही. ताई समोर उभ्या राहून पाहत होत्या. मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तारकर्लीला नाही नेत."

हात धुताना चालेल, पावसात चालेल, पोहताना काढायचं, असं मी सांगितलं. दिवसाला दहा सेकंद पुढे जातंय, या वयात ते उत्तम. वाराची खिडकी इंग्रजीवर लावू का, विचारलं. त्यांनी अरबीवरच ठेवायला सांगितलं. घड्याळ हातात घातल्यावर त्यांनी रिंग फिरवून पाहिली, एकेक मिनिट टकटक करत, पूर्ण एक फेरी.

झाकण लावण्याआधी त्या दोन खुणांखाली मी माझी खूण आणि तारीख केली होती. संध्याकाळी वहीत नोंद लिहिली: सेको ६३०९. ऑइलिंग, रोटर, दांडी, तीन कड्या. पाण्यात नाही. रिंगखाली सात ते दहा शेंदूर आहे, काढू नये.