आमच्याकडे पेलार्गोनियम उन्हानं नाही, पावसाळ्यानं मरते

काल परत एकीचा मेसेज, "ताई तुमच्याकडं 46 डिग्री असते, हे पेलार्गोनियमचे आफ्रिकेतले नाजूक फुलझाडं जगतात तरी कसे?" तर आधी हे नाजूक वगैरे डोक्यातून काढा बाप्पा. नाजूक असतात ते नर्सरीतले, हिवाळ्यात लाल-गुलाबी गेंद घेऊन येणारे अन् मार्चमधी मान टाकणारे. ते सगळे संकर, त्यांचे मूळ आईबाप म्हणजे झोनाले अन् इनक्विनान्स या दोन जंगली प्रजाती, बाकी माणसाची कारागिरी. मी बोलून राहिली त्या पेलार्गोनियमच्या जंगली प्रजातींबद्दल. जगात साधारण 280 आहेत, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या, थोड्या इकडंतिकडं, म्हणजे एंडलिकेरियानम तुर्कस्तानात अन् कोटिलेडोनिस तर सेंट हेलेना बेटावरच, नेपोलियनला ठेवलं होतं ते बेट. ते माझ्याकडं नाही, फक्त फोटो पाहून जीव जाळते.

गावात याला जिरेनियमच म्हणतात अन् त्यानं वेगळाच घोळ होते. लखनौच्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेनं सुगंधी पिकांचा प्रचार केला, आपल्या राज्यातही तेलाच्या जिरेनियमची हवा झाली, त्यामुळे आर्वीकडून येणारा-जाणारा जो तो कुंड्या पाहून थांबतो अन् विचारतो, "वहिनी, तेल किती निघते?" मी म्हणते याचं नाही निघत भाऊ, ते ग्रॅव्हिओलेन्सवालं वेगळं. "मंग लावता कायले?" आता याचं काय उत्तर द्याचं.

खरी गोष्ट अशी की यातले निम्मेअधिक झाडं रब्बीवाले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या पश्चिम भागात, नामाक्वालँडमधी, पाऊस पडतो तो त्यांच्या हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट, तोही वर्षाला 250 मिलिमीटरच्या आत. उन्हाळा कोरडा ठक्क. म्हणून ट्रिस्ट, लोबाटम अन् होआरिया गटातले सगळे छोटे कंदवाले उन्हाळाभर जमिनीत झोपून राहतात, वर पानाचा पत्ता नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमधी जे ऊन पडते ते त्यांच्या झोपेत निघून जाते. नवतपा असो की काही असो, कोरडा कंद सावलीत ठेवला की त्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जूननंतर. आपल्याकडं हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळपास सगळा चार महिन्यांत, अन् रात्रीसुद्धा उबदार, दमट हवा. झोपलेला कंद पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते, बुरशीला यापेक्षा काय पाहिजे. वरून काहीच दिसत नाही, बोटानं चाचपलं तर आत मऊ लागते, दाबलं की पाणी अन् घाण वास.

म्हणून माझ्याकडं पोळ्याच्या टायमाला एकही कंदवाली कुंडी उघड्यावर नसते. होळी झाली की पानं पिवळे पडायला लागतात, तेव्हा पाणी बंद, अन् पान पूर्ण वाळलं की कुंड्या जुन्या कवेलूच्या घरात, मातीच्या भिंतीच्या त्या खोलीत जिथं ढेपेचे पोते असतात. भिंत जाड आहे, मेमधीही आत बरं असते. तिथं वैरी एकच, उंदीर. त्याला हे कंद फार आवडतात, म्हणून वरून जाळी ठोकून घेतली. मामाजी दरवर्षी विचारतात, "काहून वं, सारं वाळलं नं, फेकाचं काहून नाही?" अन् दरवर्षी कार्तिकात पान निघालं की काहीच न बोलता पाहून जातात.

दसऱ्यानंतर, रात्री गार पडायला लागल्या की पहिलं पाणी. काही पहिल्याच आठवड्यात टोक काढतात, काही दिवाळी होऊन जाऊ देतात, घाई नाही करायची, डबल पाणी तर अजिबात नाही.

मातीबद्दल सगळे विचारतात तर सांगून टाकते, आपली काळी माती कपाशीला सोनं असेल पण इथं चिमूटभरही नको. ती पाणी धरून फुगते अन् वाळली की भेगा पडतात, कंदाच्या बारीक मुळ्या तुटतात. मी चाळलेला मुरूम, जाड रेती, थोडी गिट्टीची चुरी अन् अगदी कमी कुजलेलं खत घेते. मुरूम घरामागच्या बरडीवरून फुकट. बाहेरून प्युमाइस (ज्वालामुखीचा हलका दगड) वगैरे मागवणाऱ्यांनी मागवा, मला त्याची गरज दिसत नाही.

कंदवाल्यांशिवाय जाड खोडवाले आहेत, कार्नोसम, क्रिथ्मिफोलियम, एकिनाटम. एकिनाटमचे काटे खरे काटे नाहीत, पानाच्या बुडाशी असलेले उपपर्णच वाळून टणक होतात. हे टिनाच्या शेडखाली, पूर्वेकडून ग्रीन नेट, वर्षभर तिथंच. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून जेमतेम ओलावा. श्रावणात टकले होतात, होऊ द्या. गिबोसमचे पेर गुडघ्यासारखे सुजलेले असतात अन् हिरवट पिवळे फुलं फक्त रात्री वास सोडतात. पेपरमिंटच्या वासाचं टोमेंटोसम मात्र इथं जमत नाही, त्याला गारवा अन् ओल दोन्ही पाहिजे, ते चिखलदऱ्याले राहणाऱ्यानं लावावं.

माझं सगळ्यात लाडकं ट्रिस्टच. दिवसा पाहिलं तर कोणी ढुंकून पाहणार नाही, गाजराच्या पाल्यासारखे केसाळ पानं जमिनीला चिकटून, फूल मळकट पिवळं अन् त्यावर काळपट तपकिरी डाग. दिवे लागले की लवंगेसारखा वास सुटतो, कारण त्याचे गिऱ्हाईक रात्रीचे पतंग. युरोपात पोचलेलं पहिलं पेलार्गोनियम हेच. इंग्लंडच्या ट्रॅडेस्कंट नावाच्या बागवानाला ते 1631 मधी पॅरिसच्या मोरँकडून मिळालं. पुढं 1772 मधी लंडनच्या क्यू बागेनं फ्रान्सिस मॅसनला झाडं गोळा करायला केपला पाठवलं अन् मग तर झुंबडच उडाली. पेलार्गोनियम हा प्रजातींचा वेगळा गट म्हणून 1789 मधी मान्य झाला, तोवर झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं सगळ्यांना जिरेनियममधीच कोंबलं होतं. तसा फरक साधा आहे, पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या असतात अन् मधाची नळी फुलाच्या देठालाच चिकटून खाली गेलेली असते, देठावर जिथं बारीक गाठ दिसते तिथं ती संपते. नखानं देठ उभा चिरून पाहा, नळी दिसते.

त्या नळीत तोंड घालणाऱ्या लांब सोंडेच्या माश्या तिकडं, आपल्याकडं नाहीत. म्हणून बी पाहिजे असेल तर ब्रश घेऊन बसा. फुलात पराग आधी पिकतो, एकदोन दिवसांनी परागकोष गळतात अन् मग मधला दांडा टोकाला पाच फाटे करून उघडतो, तेव्हाच तो परागकण घेतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या जुन्या फुलाला लावायचा. दुसऱ्या प्रजातीचं फूल बाजूला उघडं असेल तर मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा, कारण काही प्रजाती आपसात जमवून घेतात अन् मग लेबलवर लिहिलेलं नाव खोटं पडते. संग्रह करणाऱ्याची अर्धी इज्जत त्या लेबलात असते. माझ्या काही कुंड्यांवर झाड मूळ कोणत्या डोंगराजवळचं तेही लिहून आहे, ते पुसलं गेलं तर झाड राहते पण संग्रहातली किंमत जाते.

बी तर तमाशाच आहे. प्रत्येक फुलातून पाच, प्रत्येकाला पिसासारखी शेपटी, अन् ती वाळली की स्प्रिंगसारखी पिळ खाते. ओल्या बशीत टाकलं की शेपटी उलगडायला लागते अन् बी गोल गोल फिरत टोक खाली रुतवायला जागा शोधते. माझ्याकडं येणारे पोट्टे हे पाहायलाच येतात. पेरताना शेपटी काढून, कवचाला सँडपेपरनं एक बारीक चरा पाडून पेरते, नोव्हेंबरात, नाहीतर ते कडक कवच पाणी आत घेत नाही.

झाडं येतात कुठून हाही प्रश्न असतोच. बाहेरून बी मागवायचं तर परवाना अन् फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं, सर्टिफिकेट लागते, 2003 चा प्लांट क्वारंटाईनचा आदेश आहे, पाकिटात लपवून आणायचं काम नाही. मी देशातल्याच हौशी लोकांकडून अदलाबदलीत घेते. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याहून फोन करतो "पार्सल आलं, घेऊन जा", अन् एका मेमधी त्यानं खोका पत्र्याखाली ठेवून दोन दिवसांनी फोन केला, त्यातले कलमं उकडून निघाले. तेव्हापासून मागवामागवी फक्त डिसेंबर-जानेवारीत. अन् मोठ्ठा जुना कंद स्वस्तात मिळून राहिला असेल तर तो कुठून खणला हे आधी विचारा. नॉर्दर्न केपमधी कोनोफायटमसारखे बुटके मांसल झाडं डोंगरावरून ओरबाडून विकायचा धंदा गेल्या काही वर्षांत फार वाढला, आपल्याला त्यात पैसा घालायचा नाही.

मिलीबगचं (पिठ्या ढेकूण) विचारलं होतं कोणीतरी. तो मुळाशी बसतो, वरून दिसत नाही, पान विनाकारण बारीक येऊन राहिलं तर कुंडी उलटून पाहा. आमच्या कपाशीवाल्या गावात हा किडा ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही.

यावेळी ट्रिस्ट अन् क्रिथ्मिफोलियमचं बी बऱ्यापैकी जमलं आहे. पाहिजे असेल त्यांनी सांगा, फक्त घरात पावसाळ्यात कोरडी राहणारी जागा असेल तरच. ज्याला रोज सकाळी उठून कुंडीत मग्गाभर पाणी ओतल्याशिवाय करमत नाही त्यानं टेट्रागोनमचं कलम न्यावं, चौकोनी खोडाचं ते पाहायला पण मस्त आहे अन् बाकीच्यांपेक्षा जरा जास्त सोसते. कलम कापून चार दिवस सावलीत सुकवायचं मग लावायचं, लगेच नाही.