हात मिळवल्याबद्दल ९९ फटके

मी सिस्टर. कोल्हापुरात प्रसूती वॉर्डातच नोकरी झाली. कवितेशी संबंध करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांपुरता. पण फातेमेह एख्तेसारी ही इराणी कवयित्री सुईणीचं शिक्षण घेतलेली आहे हे कळलं आणि मी सरसावून बसले. आपलीच की ही!

२०१३ मध्ये तिला अटक झाली. २०१५ मध्ये शिक्षा सुनावली, साडेअकरा वर्षं तुरुंग आणि ९९ फटके. कवितांमधून पवित्र गोष्टींचा अपमान केला हा एक आरोप; फटके परपुरुषाशी हात मिळवल्याबद्दल. (पेढे देताना किती बाप्यांनी माझा हात हातात घेतलाय, मोजायलाच नको.) ती देशातून निसटली, नॉर्वेत गेली.

इराणमध्ये पुस्तक छापायचं तर आधी सरकारी खात्याची परवानगी लागते. मला हे जास्त झोंबलं. खोडलेली ओळ वाचकाला कळतसुद्धा नाही. कळा येताना बायका जे बोलतात, नवऱ्याला, सासूला शिव्या, मुलगी झाली तर काय ही धास्ती, ते छापायला कोण परवानगी देणार?

भिशीत सांगितलं, तर एकजण म्हणाली, “अगं, आपल्याकडं तरी कुठं सगळं छापत्यात?”

खरंय तिचं. पण हात मिळवला म्हणून इथं कोर्ट फटक्यांची शिक्षा देत नाही, हे मी तिला सुनावलंच.